कडेवरून येणारी नदी

जानेवारीतला एक शनिवार. बाहेर उणे तीस, आणि मी विनिपेगच्या घरात बसून एका किल्ल्यासाठी पाण्याची सोय करत होते. संध्याकाळपर्यंत किल्ला बुडाला. तुमच्यापैकी जे ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ खेळतात त्यांना यात काही नवल वाटणार नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात: टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या भावांचा हा गेम २००६ मध्ये आला, आणि २०२२ मध्ये मॉन्ट्रियलच्या किटफॉक्स गेम्सने त्याची चित्रं असलेली आवृत्ती स्टीमवर आणली. सात बुटके घेऊन डोंगर पोखरायचा, वस्ती उभी करायची. जिंकणं असा प्रकारच नाही. कधी ना कधी हरायचंच.

बुटके एरवी दारूवर जगतात, म्हणून नवखा खेळाडू पाण्याचं विसरतो. मग कुणीतरी जखमी होतं. जखमीला प्यायला पाणीच लागतं आणि जखम धुवायलाही स्वच्छ पाणी लागतं. डबक्यातल्या पाण्यावर भागवलं तर जखम चिघळू शकते. थंड प्रदेशात नदी गोठते. म्हणून नदीपासून आत कालवा खणायचा, जमिनीखाली टाकं भरून ठेवायचं आणि त्याच्यावर विहीर बांधायची.

ऐकायला सोपं आहे. पण इथे प्रत्येक चौकोनातल्या पाण्याची खोली एक ते सात अशी मोजली जाते, आणि नदीतून आलेल्या पाण्याला दाब असतो. टाकं भरलं तरी ते थांबत नाही, विहिरीच्या तोंडातून वर येतं. त्यामुळे वाटेत दार बसवावं लागतं, आणि ते उघडणारी कळ कोरड्या जागी ठेवावी लागते. कालवा एका ठिकाणी फक्त कोपऱ्याला कोपरा लागेल असा तिरका काढला, तरी दाब मोडतो. माझी कळ टाक्याशेजारच्या खोलीत होती. पाणी आधी तिथेच शिरलं.

शहरं बांधायच्या बऱ्याच गेम्समध्ये पाइप ओढला की पाणी आलं, विषय संपला. इथे पाणी तुमच्या चुका शोधत येतं. माझ्या मते हाच या गेमचा सगळ्यात मोठा गुण. रामचंद्रपंत अमात्यांना तो आवडला असता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या त्यांच्या ‘आज्ञापत्रा’त गडाबद्दल हेच सांगितलंय: आधी पाणी बघा, नसेल तर खडक फोडून टाकी करा, एका झऱ्यावर विसंबू नका, आणि राखीव टाक्यांतलं पाणी उगाच खर्चू नका.

पण त्याच आज्ञापत्रात झाडांबद्दलही लिहिलंय. आरमारासाठी लाकूड हवं म्हणून रयतेचे आंबे-फणस तोडू नका, कारण ती झाडं लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं जीर्ण झाड घ्यायचंच असेल तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्या. म्हणजे गड आणि आरमार सांभाळणाऱ्या माणसाला तटाबाहेरचे लोकही दिसत होते.

गेममध्येही झाडांचं बोलायला कुणीतरी येतं. तुम्ही जंगल फार तोडत असाल तर एल्फ लोकांचा दूत येऊन मर्यादा घालू पाहतो. पाण्याचं बोलायला मात्र कुणीच येत नाही. नदी नकाशाच्या एका कडेवरून येते, दुसऱ्या कडेवरून जाते. तुम्ही कितीही ओढा, ती आटत नाही आणि खालच्या कुठल्याही गावाचं काही बिघडत नाही. याच गेममध्ये एकदा मांजरं मरायला लागली होती. दारूच्या गुत्त्यात सांडलेली बिअर त्यांच्या पंजांना लागायची आणि अंग चाटताना पोटात जायची. मांजराच्या पंजावरच्या बिअरचा हिशेब ठेवणाऱ्या गेमला नदीकाठचं गाव दिसू नये?

तुम्ही म्हणाल, गेम आहे, सोड ना. सोडलं असतं. पण त्या दिवशी खेळता खेळता मी जे पाणी पीत होते, तेही असंच एका कडेवरून येतं. विनिपेगचं पाणी शोल लेकमधून येतं. दीडशे किलोमीटरहून लांब कालवा, बहुतेक उतारावरच वाहणारा. १९१९ मध्ये पाणी शहरात पोचलं. फाल्कन नदीचं गढूळ पाणी शहराच्या तोंडाशी येऊ नये म्हणून तळ्यात बांध घातला आणि ते पाणी दुसरीकडे वळवायला चर खणला. कुठल्याही ड्वार्फ फोर्ट्रेसवाल्याने शाबासकी द्यावी असं डिझाइन! पण त्या चरामुळे शोल लेक ४० या अनिशिनाबे लोकांची वस्ती बेटावर अडकली, आणि गढूळ पाणी त्यांच्या बाजूला गेलं. १९९७ पासून त्यांना नळाचं पाणी उकळूनच प्या असं सांगितलेलं होतं. बाहेर जायला बारमाही रस्ता झाला २०१९ मध्ये, शुद्धीकरण केंद्र २०२१ मध्ये. शहराला पाणी मिळाल्यानंतर शंभर वर्षांनी!

हे वाचून ‘कॅनडाचं काय ते’ म्हणून मोकळं होऊ नका. तुमचे आईबाबा मुंबईचे असतील तर ते तानसा-भातसाचं पाणी पीत वाढले. ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातले कितीतरी पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात.

‘सुरक्षित पाणी’ म्हणजे तटाच्या आतल्यांसाठी सुरक्षित, एवढंच हा गेम शिकवतो, आणि फार सुंदर शिकवतो. म्हणूनच मला तो खटकतो. दूत पाठवायची सोय त्यात आधीच आहे. एखादा दूत नदीच्या वरच्या गावातून आला असता, तर हा गेम आणखी अवघड झाला असता, आणि आणखी खरा.

मी नवा किल्ला सुरू केलाय. यावेळी कळ कोरड्या खोलीत आहे. खेळताना शेजारी पाण्याचा ग्लास असतो, आणि आता तो उचलताना नकाशाच्या कडेकडे लक्ष जातं. तुमच्या नळाचं पाणी कुठून येतं, तिथे कोण राहतं, एवढं एकदा शोधून बघा.