कारणांवाचून निकाल : महाराष्ट्रातील कलाप्रदर्शने, पारितोषिके आणि समीक्षेचे दायित्व

१

प्रदर्शन, पारितोषिक आणि संधी हे तीन शब्द महाराष्ट्रातील दृश्यकलेच्या चर्चेत सामान्यतः एकत्रच उच्चारले जातात. वस्तुतः ही तीन भिन्न कार्ये आहेत. प्रदर्शनाचे कार्य दाखविण्याचे, पारितोषिकाचे कार्य निर्णय देण्याचे आणि संधीचे कार्य कलावंताला पुढील कामासाठी जागा, वेळ व साधने मिळवून देण्याचे. आपल्या प्रांतात मात्र ही तिन्ही कार्ये एकाच साखळीत गुंफली गेली आहेत. निवडसमितीने स्वीकारले तर कलाकृती भिंतीवर लागते. भिंतीवर लागलेल्यांपैकी काहींना पारितोषिक मिळते. आणि पारितोषिकांची यादी हाच पुढे शिष्यवृत्तीसाठी, अध्यापकाच्या जागेसाठी किंवा एखाद्या कलादालनाच्या दारात उभे राहण्यासाठी लागणारा परवाना ठरतो. याचा अर्थ असा की साऱ्या व्यवस्थेचा भार अखेर एका गोष्टीवर पडतो : समितीच्या निर्णयावर. आणि हा निर्णय आपल्याकडे बहुधा कारणांवाचून दिला जातो.

न्यायालयाच्या निकालपत्रात कारणे नसतील, तर तो निकाल वरच्या न्यायालयात टिकणे कठीण. कलेचा निर्णय हा न्यायनिवाडा नव्हे, हे खरेच. तथापि ज्या निर्णयावर तरुण कलावंताचे पुढील आयुष्य काही प्रमाणात अवलंबून असते, त्याची मीमांसा मागण्याचा अधिकार आपण सोडून का द्यावा, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

२

या प्रथेचा उगम पाहू गेल्यास आपणांस बॉम्बे आर्ट सोसायटीपर्यंत जावे लागते. सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली, आणि १८८८ मध्ये या सोसायटीची स्थापना झाली. प्रारंभीच्या काळात तिच्यावर येथील युरोपीय हौशी मंडळींचा प्रभाव होता. त्या वातावरणात १८९५ साली महादेव विश्वनाथ धुरंधर यांना सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले, आणि हा मान मिळविणारे पहिले भारतीय चित्रकार म्हणून त्यांची नोंद झाली. पुढल्याच वर्षी गणपतराव म्हात्रे या कलाशाळेतील तरुण विद्यार्थ्याचे ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प प्रदर्शनात गाजले व पारितोषिकपात्र ठरले.

म्हात्रे यांचे उदाहरण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. पदके अनेकांना मिळाली. त्यांपैकी बहुतेक आज केवळ चरित्रनोंदींतून उरली आहेत. ‘मंदिरपथगामिनी’ मात्र चर्चेचा विषय झाली, कारण तिच्याविषयी लोकांनी लिहिले. लंडनहून जॉर्ज बर्डवुड यांनी छायाचित्रावरून तिची प्रशंसा केली. बंगालीत रवींद्रनाथ ठाकूर यांनी तिच्यावर लेख लिहिला. या लेखनातील मते आज आपणांस पटोत अथवा न पटोत; पाश्चात्त्य शिल्पशिक्षणातून घडलेली ही आकृती किती भारतीय, हा वादही आज जुना झाला आहे. परंतु कारणे लिहिली गेली म्हणून तो वाद शक्य झाला, आणि सव्वाशे वर्षांनंतरच्या विद्यार्थ्यालाही त्यात भाग घेता येतो. पदकाने जे साधले नाही, ते लेखनाने साधले.

३

कारणांवाचून दिलेला निकाल केव्हा केव्हा अत्यंत समंजसही असतो, हे मान्य केले पाहिजे. १९३७ मध्ये अमृता शेर-गिल यांच्या ‘तीन मुली’ या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीने सुवर्णपदक दिले. त्या काळची येथील रुची लक्षात घेता हे धाडसच होते. शांत, किंचित खाली झुकलेल्या नजरांच्या तीन आकृती. प्रसंग नाही, कथा नाही, आभूषणांचा झगमगाट नाही. रंगाचे सपाट, भरीव पट्टे एवढ्यावरच चित्राचा सारा तोल. पश्चिम भारतातील वास्तववादी व्यक्तिचित्रणावर आणि जलरंगातील निसर्गदृश्यांवर पोसलेल्या दृष्टीला हे नवे होते. परंतु परीक्षकांनी या चित्रात नेमके काय पाहिले, हे सोसायटीने तेव्हाच विस्ताराने मांडले असते, तर येथील तरुण चित्रकारांपुढे एक नवा मानदंड स्पष्ट उभा राहिला असता. पदक चित्राला मिळाले. त्यामागचा विचार सर्वांच्या मालकीचा व्हावा, याची सोय मात्र पदकात नव्हती.

दहा वर्षांनी याच व्यवस्थेची दुसरी बाजू दिसून आली. कृष्णाजी हौळाजी आरा यांचे एक चित्र सोसायटीच्या प्रदर्शनातून नाकारले गेले. त्याचा निषेध हे १९४७ मधील प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या स्थापनेचे एक निमित्त होते, असे फ्रान्सिस न्यूटन सुझा यांनी पुढे सांगितले आहे. सुझा, आरा, हुसेन, रझा, गाडे आणि बाकरे या सहा जणांचे १९४९ चे मुंबईतील प्रदर्शन भरले ते मात्र रॅम्पार्ट रो येथील सोसायटीच्याच दालनात. नाकारणारी आणि जागा देणारी संस्था एकच असावी, यात विसंगती आहे असे वरवर वाटेल. परंतु प्रादेशिक कलाजीवनाचे हेच वास्तव आहे. दालने मोजकी असतात, परीक्षक मोजके असतात, आणि बंडखोरालाही त्याच जिन्यावरून वर जावे लागते.

या ग्रुपला जे यश लाभले त्यात रूडॉल्फ फॉन लायडन यांच्यासारख्या समीक्षकाच्या इंग्रजी लेखनाचा वाटा मोठा होता. येथे मराठी वाचकाने थांबून विचार करावा अशी एक गोष्ट आहे. ज्या चळवळीत आरा व गाडे यांच्यासारखे मराठी समाजाशी निकटचे चित्रकार होते, तिची पहिली मीमांसा प्रामुख्याने दुसऱ्या भाषेत झाली. वास्तविक मराठीला या विषयाची परिभाषा अपरिचित होती असे नाही. बाळ सीताराम मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ या १९५५ च्या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांची जी मांडणी आहे, ती चित्रालाही तितकीच लागू पडते. दत्तात्रय गणेश गोडसे यांच्या ‘पोत’ने कलाकृतीच्या घडणीकडे पाहण्याची स्वतंत्र दृष्टी दिली. प्रभाकर बरवे यांनी ‘कोरा कॅनव्हास’ या १९९० च्या पुस्तकात चित्रकाराच्या बाजूने अत्यंत नेमके मराठी गद्य लिहिले. ‘कलेचा अनुभव शब्दांत सांगता येत नाही’ ही सबब या तीन ग्रंथांनंतर मराठीत तरी टिकत नाही. उणीव परिभाषेची नसून, ती परीक्षकाच्या टेबलापर्यंत नेण्याच्या प्रथेची आहे.

४

आता परीक्षणाच्या प्रत्यक्ष रीतीकडे वळू. राज्याचे कलासंचालनालय १९६५ मध्ये स्थापन झाले. राज्य कलाप्रदर्शन विद्यार्थी आणि व्यावसायिक अशा दोन विभागांत भरते. त्याच्या जोडीला बॉम्बे आर्ट सोसायटी, १९१८ पासूनची आर्ट सोसायटी ऑफ इंडिया, तसेच ठिकठिकाणच्या कलासंस्था व महाविद्यालये यांची वार्षिक प्रदर्शने आहेत. कोल्हापूर, सांगली, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अथवा कोकणातील एखाद्या गावी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला मुंबईतील कलाजगताचे दार प्रथम याच प्रदर्शनांतून किलकिले होते. म्हणून त्यांचे महत्त्व कमी लेखणे हा केवळ महानगरी अहंकार ठरेल.

परंतु एक साधे गणित करून पाहावे. समजा, एका समितीसमोर सहाशे कलाकृती आल्या आणि त्यांची छाननी एका दिवसात, म्हणजे कामाच्या सहा तासांत, व्हावयाची आहे. तर प्रत्येक कलाकृतीच्या वाट्याला छत्तीस सेकंद येतात. छत्तीस सेकंदांत काय दिसते? दिसतो तो आकार, विरोधी रंगांचा धक्का, विषयाची ओळख आणि कौशल्याचा लखलखाट. जे चित्र हळूहळू उलगडते त्याला या घाईत जागा नसते. ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या लवकर लक्षात येते, आणि मग ‘स्पर्धेचे चित्र’ नावाचा एक स्वतंत्र प्रकारच जन्माला येतो : मोठा फलक, लांबून ओळखू येणारी शैली, मागील वर्षीच्या पारितोषिकविजेत्या चित्राशी असलेले थोडेसे नाते. असे चित्र वाईट असतेच असे नाही. पण ते भिंतीसाठी नसून समितीसाठी काढलेले असते.

अलीकडे अनेक स्पर्धांत प्रथम निवड छायाचित्रांवरून होते. यात सोय आहे, आणि दूरच्या जिल्ह्यातील कलावंताचा वाहतुकीचा खर्च वाचतो, हा लाभही खरा आहे. तथापि ज्या प्रांताने वासुदेव गायतोंडे यांच्यासारखा चित्रकार दिला, त्या प्रांताने तरी या सोयीची किंमत ओळखावी. गायतोंडे यांच्या उत्तरकालीन चित्रांत रूळ आणि रंगपात्याच्या साहाय्याने एकावर एक चढविलेले आणि खरवडून काढलेले थर हीच चित्राची वस्तू आहे. बरवे यांनी कॅनव्हासवर वापरलेल्या एनॅमल रंगाची गुळगुळीत, काहीशी अलिप्त झळाळी ही त्यांच्या अर्थाचा भाग आहे. या दोन्ही गोष्टी पडद्यावरील प्रतिमेत नाहीशा होतात. पहिली चाळणी प्रतिमेची असेल, तर थरांचा, पोताचा आणि द्रव्याचा विचार करणारा तरुण चित्रकार पहिल्याच चाळणीत गळेल, आणि तो का गळला हे त्यालाही कळणार नाही.

५

गायतोंडे यांच्या जीवनाकडे पाहिले म्हणजे पारितोषिक आणि संधी यांतील भेदही स्पष्ट होतो. १९५७ मध्ये टोकियो येथील तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्ती मिळाली. १९७१ मध्ये पद्मश्री. चरित्रनोंदीत ही तीन नोंदणीयोग्य वर्षे. पण ज्या काळात त्यांची भाषा घडत होती, त्या काळात वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई स्मारक संस्थेत त्यांना कामाला जागा होती, आणि त्याच वास्तूत नाटककार, संगीतकार व अन्य चित्रकार यांचा राबता होता. बरवे यांच्या बाबतीत हे स्थान विणकर सेवा केंद्रातील नोकरीने घेतले. वस्त्रांच्या आकृतिबंधांशी जडलेला संबंध आणि नोकरीच्या निमित्ताने घडलेले बनारसचे वास्तव्य यांचा त्यांच्या चित्रांवरील परिणाम सर्वमान्य आहे. पारितोषिक मागे वळून पाहते. ते झालेल्या कामाला मिळते. संधी पुढे पाहते. ती अजून न झालेल्या कामाला मिळते. आपली व्यवस्था पहिल्यावर खर्च करते आणि दुसरे आपोआप घडेल असे मानते.

या संदर्भात कोचीचे उदाहरण विचारार्ह आहे. २०१२ मध्ये कोची-मुझिरिस बिनाले सुरू करणारे बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू हे दोघेही सर ज. जी. कलाशाळेचे विद्यार्थी. मुंबईत शिकलेल्या या दोघांनी हा उपक्रम उभारला तो मात्र केरळात. त्या बिनालेच्या कारभारावरही आक्षेप घेतले गेले आहेत. ती निर्दोष नाही. परंतु २०१४ पासून तिच्या जोडीने भरणाऱ्या विद्यार्थी बिनालेत निवड करणारा क्युरेटर कलाशाळांपर्यंत जातो, विद्यार्थ्यांशी बोलतो आणि आपल्या निवडीमागील विचार लिहून मांडतो. निवडीचे उत्तरदायित्व एका नावाला चिकटते, आणि म्हणूनच तिच्याशी वादही घालता येतो. समितीच्या सामूहिक मौनाशी वाद घालता येत नाही.

हे मौन केवळ स्पर्धांपुरते मर्यादित राहत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात बरवे यांच्या सिंहावलोकनी प्रदर्शनाचे उद्घाटन झाले. त्या प्रसंगी अमोल पालेकर यांनी स्थानिक कलावंतांची सल्लागार समिती राहिली नसल्याबद्दल आक्षेप घेतला, आणि त्यांचे भाषण मध्येच अडविण्यात आले. त्या प्रसंगाची बरीच चर्चा भाषणस्वातंत्र्याच्या अंगाने झाली, आणि ती आवश्यकच होती. परंतु कोणते प्रदर्शन भरावे हे कोण ठरविते आणि कोणत्या कारणांनी, हा पालेकरांच्या बोलण्यातील मूळ प्रश्न त्या गदारोळात काहीसा मागे पडला.

६

कारणे मागण्याविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की परीक्षक हा कलावंत असतो, लेखक नसतो. यावर उत्तर असे की त्याच्याकडून निबंध अपेक्षित नाही. दहा ओळी पुरेत, आणि वर्गात विद्यार्थ्याच्या चित्रासमोर उभा राहून तो याहून अधिक बोलत असतोच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : कारणे लिहावयाची म्हटली की परीक्षक सुरक्षित, सहज समर्थन करता येईल अशाच चित्राकडे वळतील, आणि १९३७ सारखा धाडसी कौल दुर्मिळ होईल. हा धोका खरा आहे. परंतु सध्याच्या मौनात सुरक्षित निवड कमी होते, असा अनुभव नाही; मौनात सुरक्षित निवड दडते एवढेच. लिखित कारणांत निदान ती उघडी पडते.

म्हणून तीन सूचना येथे मांडाव्याशा वाटतात. पारितोषिकप्राप्त प्रत्येक कलाकृतीबरोबर परीक्षकाच्या सहीचे लहानसे टिपण छापले जावे. अंतिम निवड कलाकृती प्रत्यक्ष समोर ठेवूनच व्हावी, आणि छायाचित्रावरून होणारी चाळणी शक्य तितकी सैल असावी. प्रत्येक प्रदर्शनाच्या सूचीत कलाकृतीचे माध्यम, मोजमाप व वर्ष यांची अचूक नोंद असावी. कारण आजची ढिसाळ सूची म्हणजे उद्याच्या संशोधकाची कायमची हानी. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘शिल्पकार चरित्रकोशा’चा दृश्यकला खंड पाहिला, तर विखुरलेल्या माहितीतून एवढे काम उभे करणे किती परिश्रमाचे असेल याची कल्पना येते.

चौथी गोष्ट आपल्याच हाती आहे, आणि तिला कोणत्याही समितीची अनुमती लागत नाही. विद्यापीठाच्या विभागाने दरवर्षी राज्य कलाप्रदर्शनाचे एक सविस्तर परीक्षण मराठीत प्रसिद्ध करावे; पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी भिंतीवरील चित्रांसमोर पुरेसा वेळ उभे राहून ते लिहावे; आणि परीक्षकांचा निर्णय जेथे पटत नाही, तेथे का पटत नाही हे नाव घेऊन, सभ्यतेने व सप्रमाण सांगावे. अशी दहा वर्षांची परीक्षणे एकत्र झाली, तर पारितोषिकांच्या याद्यांतून न दिसणारा महाराष्ट्राच्या कलेचा एक दशकाचा वृत्तान्त आपल्या हाती येईल, आणि ज्यांची चित्रे परत पाठविली गेली त्यांच्यापैकी काहींची नावेही त्यात असतील.