पंडिता रमाबाईंची अमेरिका

वाशीम येथें आमच्या ओळखीच्या घरांतील मुलें अमेरिकेहून सुटींत आलीं, कीं पगार, बर्फ व मोटारी ह्यांच्या गोष्टी निघतात; तेथील शाळा कोणाच्या पैशानें चालतात असें विचारलें तर उत्तर येत नाहीं. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालींच अशा प्रश्नांचा शोध घेतला होता, म्हणून त्यांचें 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' आम्ही पुन्हां वाचलें.

नांवांत प्रवासवृत्त असलें तरी प्रवास थोडा. आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदानासाठीं १८८६ त बाई फिलाडेल्फियास गेल्या व जवळजवळ तीन वर्षें तिकडे राहिल्या. पण राज्यपद्धति, शिक्षण, गृहस्थिति ह्यांची माहिती त्या पंतोजीच्या शिस्तीनें देतात, आणि कांहीं पानें, खरें सांगावयाचें तर, आम्ही नुसतीं चाळलीं. स्त्रियांचें प्रकरण आलें कीं मात्र लेखणी तापते. लोकसत्तेच्या देशांत निम्म्या लोकांस मत नाहीं, ही विसंगति त्यांस बोंचते. (तो हक्क देशभर १९२० सालीं मिळाला.)

बाई १८८३ त ख्रिस्ती झालेल्या. तेव्हां ख्रिस्ती राष्ट्राचे दोष त्या झांकतील अशी शंका येते. तसें झालेलें नाहीं. गुलामगिरी गेली तरी वर्णद्वेष उरला, हें त्या स्पष्ट लिहितात. परंतु स्त्रियांच्या उन्नतीचें श्रेय त्या ज्या सहजतेनें धर्मास देतात, तें आम्हांस पटत नाहीं. स्त्रियांनीं सभेंत बोलूं नये हें सांगण्यास तिकडील अनेक धर्मोपदेशक त्याच बायबलाचा आधार घेत. गुलामांचे मालकही घेत असत. श्रेय द्यावयाचें तर त्या उपदेशकांस न जुमानणाऱ्या बायकांस द्यावें. आणि त्यांचीं कार्यें तर बाईंनींच सविस्तर वर्णिलीं आहेत.