अन्नसाखळीच्या चित्रात न मावणारे गिधाड

गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. अन्नसाखळी शिकवायची म्हटली की आपण फळ्यावर ही पाच नावे लिहितो आणि मध्ये बाण काढतो. चित्र सोपे आहे, मुलांच्या लक्षात राहते. ऊर्जा एका सजीवाकडून दुसऱ्याकडे जाते एवढे त्यातून नीट कळते. आमचा आक्षेप आहे तो या चित्रातून जे वगळले जाते त्याबद्दल.

या साखळीत जो तो दुसऱ्याच्या तोंडीच जातो. वाळलेले गवत, गळलेली पाने, शेण, म्हातारी होऊन मेलेली घार यांना तिथे जागा नाही. वास्तविक जमिनीवरच्या बहुतेक परिसंस्थांत वनस्पतींच्या वाढीचा मोठा भाग हिरवा असताना कोणी खातच नाही. तो वाळतो, गळतो आणि मग बुरशी, जीवाणू, वाळवी, गांडुळे यांचे अन्न होतो. म्हणजे ज्या वाटेने अधिक ऊर्जा जाते, तीच आपण फळ्यावर काढत नाही. ‘विघटक’ हा शब्द व्याख्येपुरता येतो.

याने बिघडते काय? ‘साखळीतला एक दुवा नाहीसा झाला तर काय होईल?’ हा आपला ठरलेला प्रश्न घ्या. ‘त्याला खाणारे उपाशी मरतील, तो ज्यांना खातो ते वाढतील’, हे अपेक्षित उत्तर. आता गिधाडांकडे पाहा. 1992 ते 2007 या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या 99 टक्क्यांहून अधिक घटली. त्यांचे अन्न संपले नव्हते; मेलेली गुरे पूर्वीसारखीच मिळत होती. पण त्या गुरांना आजारपणात डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिले जाई. मांसातून ते गिधाडांच्या पोटात गेले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. हे कारण 2004 साली उघड झाले आणि 2006 साली भारतात जनावरांसाठी या औषधाच्या उत्पादनावर बंदी आली. तोवर मेलेली ढोरे उघड्यावर सडू लागली होती, त्यांवर भटकी कुत्री पोसली जात होती.

पाच नावांच्या साखळीत हे गिधाड कुठे बसवणार? ते कोणाची शिकार करत नाही, म्हणून आपल्या चित्रात त्याला दुवाच नाही. आणि जे चित्रात नाही, ते गेल्याने काय बिघडते हे विद्यार्थ्याला कसे सुचावे?

दुरुस्ती अवघड नाही. प्रत्येक नावापासून एक बाण खाली ‘मृत अवशेष’ या शब्दाकडे काढावा. तिथून एक बाण गिधाडाकडे, एक बुरशी-जीवाणूंकडे, एक गांडुळाकडे आणि गांडुळाकडून साळुंकीकडे. विघटकांपासून गवताकडे परत जाणारा बाणही काढावा. मात्र तो क्षारांचा आहे, ऊर्जेचा नाही, हे सांगायला विसरू नये. ऊर्जा प्रत्येक टप्प्यावर उष्णतेच्या रूपाने निघून जाते, ती परत येत नाही.

मग मुलांना शाळेतल्या एखाद्या झाडाखाली न्यावे. वीतभर लांबीरुंदीच्या जागेतला पालापाचोळा हलक्या हाताने उचलून जाळी पडलेली पाने, बुरशीचे पांढरे धागे, किडे शोधू द्यावेत. एवढे पाहिल्यावर फळ्यावरचे चार बाण अपुरे आहेत, हे मुलेच सांगतील.