आधी आई

मुलगा मागे बायको-मुले न ठेवता वारला, तर जमीन कोणाची? याज्ञवल्क्यस्मृती अशा वेळी ‘पितरौ’, म्हणजे आईवडील, एवढेच सांगते. पण आधी कोण? चालुक्यांच्या कल्याणीत विज्ञानेश्वराने या स्मृतीवरच्या ‘मिताक्षरा’ टीकेत उत्तर दिले: आधी आई. समासाच्या विग्रहात माता आधी येते, हे त्याचे एक कारण. मला मोह पडतो तो दुसऱ्याचा. वडील सवतीच्या मुलांचेही असतात; आई तशी वाटली जात नाही, म्हणून तीच जास्त जवळची. वाटणीच्या कोरड्या चर्चेत केवढी ही माया!

स्मृतिवचने एकमेकांना छेद देतात. ती निवडून एकत्र मांडणे हे झाले संकलन, पचन नव्हे. प्रथिने मुख्यतः अमिनो आम्ले होऊनच आतड्यातून रक्तात उतरतात. वचनाचेही तसेच, त्याची फोड करून निर्णय द्यावा लागतो. सम्राट जस्टिनियनच्या पंडितांनी 30 लाख ओळींच्या दीड लाख केल्या आणि 533 मध्ये रोमन कायद्याचा ‘डायजेस्ट’ सिद्ध झाला. काम अफाटच, पण त्यावर भाष्य लिहायला सम्राटाने मनाई केली. आपल्याकडे वाद हाच ग्रंथाचा प्राण.

पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातला नीलकंठ सतराव्या शतकात ‘व्यवहारमयूखा’त विज्ञानेश्वराला सरळ विरोध करतो आणि वडिलांना आधी बसवतो. इथे मी त्याच्या बाजूने नाही. पण बहिणीपाशी तो मन जिंकतो. ती भावाच्याच गोत्रात जन्मली, म्हणून गोत्रज, आणि म्हणून त्याची वारस. लग्नानंतर सगोत्र राहिली नसेल, पण धनासाठी सगोत्र असण्याची अट घातली आहे कुणी? केवढा नेमका प्रतिप्रश्न! (याच ग्रंथाच्या संपादनातून पां. वा. काण्यांचा पाच खंडांचा धर्मशास्त्राचा इतिहास उगवला.)

गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात मयूखाचा शब्द वरचढ होता. सोलापूरकडे, म्हणजे सांगोल्यातही, मिताक्षरेचा. तरी बहिणीच्या बाबतीत मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी नीलकंठाचा आधार घेतला. इतर बऱ्याच प्रांतांतल्या बहिणींना त्यासाठी 1929 च्या कायद्याची वाट पाहावी लागली.

1956 च्या हिंदू वारसा कायद्याने आईला पहिल्या वर्गात ठेवले, वडिलांना दुसऱ्या. सांगोल्यातला अविवाहित हिंदू मुलगा मृत्युपत्र न करता गेला, तर त्याने स्वतः घेतलेल्या डाळिंबाच्या बागेच्या सातबाऱ्यावर आजही वारस म्हणून आईचेच नाव लागते.