मराठी रॅपमधील विनोद : बोली, ताल आणि प्रतिपक्ष

मराठी रॅपसंबंधी जी चर्चा होते तिच्यात बहुधा दोन पक्ष आढळतात. एकाला त्यात अमेरिकी अनुकरणापलीकडे काही दिसत नाही. दुसऱ्याला त्यात शाहिरीचा पुनर्जन्म दिसतो. दोन्ही पक्ष गीते ऐकण्यापूर्वीच निर्णय देऊन मोकळे झालेले असतात. या गीतांतील विनोद नेमका कशातून निर्माण होतो, हा त्या मानाने साधा प्रश्न मात्र बाजूला पडतो.

शाहिरीशी असलेले नाते पारखून पाहण्यास प्रवरेच्या खोऱ्याइतके सोयीचे स्थळ नाही. देवळाली प्रवरा येथून वरच्या अंगाला, त्याच नदीच्या काठी, संगमनेर येथे अनंत फंदी (१७४४–१८१९) होऊन गेला. त्याच्या नावाशी निगडित असलेला फटका आठ मात्रांच्या आवर्तनावर चालतो. ओळीच्या तीस मात्रा आणि शेवटी दोन मात्रांचा विसावा धरला की बत्तीस होतात. रॅपच्या चार ठोक्यांच्या दोन आवर्तनांत ही ओळ सहज बसते. येथवर पुनर्जन्मवाद्यांचे म्हणणे मान्य करावयास हरकत नाही.

परंतु हे साम्य येथेच संपते. फटक्यात शब्दातील प्रत्येक अक्षराची मात्रा मोजली जाते; बोलताना आपण गाळतो तो ‘अ’ गाताना परत आणावा लागतो. रॅपला हे बंधन नाही. ‘तांबडी चामडी’ ही क्रेटेक्स व श्रेयस यांच्या २०२४ मधील गीताच्या शीर्षकातील दोन पदे पाहावीत. वृत्ताच्या हिशेबाने प्रत्येकी पाच मात्रा. उच्चारात मात्र मधला ‘अ’ लोपून ‘ताम्ब्‌डी’, ‘चाम्‌डी’ अशी दोन-दोन अक्षरे उरतात आणि ठोका नेमका त्यांवरच पडतो. ‘चामडी’तील ‘च’ दंततालव्य आहे, ‘चमचा’तल्यासारखा, ‘चहा’तला नव्हे. लिपीने न दाखविलेला हा भेद गाण्यात स्पष्ट ऐकू येतो. वृत्त बोलीला सरळ करून घेते. रॅपमध्ये बोली आपल्या सर्व वळणांसह शिल्लक राहते. शाहिरी आणि रॅप यांतील खरा फरक विषयाचा नसून या ‘अ’चा आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होईल, पण ती फारशी मोठी नव्हे.

उच्चाराचे हे स्वातंत्र्य विनोदाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. मराठी रंगभूमीवर आणि चित्रपटांत ग्रामीण बोली दीर्घकाळ हशा मिळविण्याचे साधन होती. पात्र बोलत असे आणि प्रमाणभाषेत वाढलेला प्रेक्षक हसत असे. अमरावतीकडचा रॅपकार ‘१०० आर.बी.एच.’ वऱ्हाडीत रॅप करतो तेव्हा ही व्यवस्था उलटते. बोलणारा आणि थट्टेचा विषय निवडणारा एकच असतो. ज्याला बोली समजत नाही त्यालाच धावपळ करावी लागते. राहुरी तालुक्यातील श्रोत्याला ही स्थिती अपरिचित नाही. उसाच्या फडांत तोडणीच्या हंगामात बीडकडील मजूर येत आले आहेत. त्यामुळे शाळेतील, घरातील आणि फडावरील अशा तीन मराठी त्याच्या कानांवर असतात. (‘फड’ हा शब्द उसालाही लागतो आणि तमाशालाही, हे येथे सहज आठवते.)

या दृष्टीने सर्वांत लक्षणीय रचना धारावीतील डोपॅडेलिक्स या स्वतंत्र गटाची ‘आई शपथ साहेब मी नव्हतो’ ही होय. शीर्षक म्हणजेच एक पूर्ण प्रवेश आहे. प्रथम शपथ, तीही षष्ठीचा प्रत्यय गाळून, घाईने घेतलेली, मग संबोधन, मग नकार. नकार आहे म्हणजे आरोप झालेला आहे; तो कोणी केला हे ‘साहेब’ या एका शब्दाने कळते. त्यातही ‘मी नव्हतो’ या नकाराने गुन्हा घडला नाही असे म्हटले जात नाही, केवळ कर्ता बदलला जातो. पोलिसाच्या तावडीत सापडलेल्या मुलाची सारी अगतिकता आणि सारा बेरकीपणा त्या एका वाक्यात आला आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. याच गटाने २०१८ मधील ‘काला’ या चित्रपटाच्या गीतांत तमिळमध्येही रॅप केले. धारावीत अनेक मातृभाषा नांदतात. तेथील मुलगा मित्राशी कोणत्याही भाषेत बोलो, चौकीत त्याची गाठ मराठीशी पडते. म्हणजे वऱ्हाडी रॅपमध्ये जी मराठी उपेक्षितांची आहे, तीच येथे सत्तेची भाषा आहे, आणि विनोद तिची विनवणीची रूपे हुबेहूब उचलण्यातून निर्माण होतो. मराठीची बाजू घेऊन लिहिणाऱ्या समीक्षकांना हे रुचणारे नाही. पण ते ऐकले पाहिजे.

बतावणीत सोंगाड्याला उत्तर देणारा समोर असतो. कलगी-तुऱ्यात तर दुसरा फडच असतो. डोपॅडेलिक्सच्या गीतात साहेब बोलत नाही, तरी त्याचे अस्तित्व प्रत्येक वाक्याला आकार देते. राजकीय उपहासाच्या एका मराठी रॅपवरून २०२३ मध्ये गुन्हा नोंदविला गेला, तेव्हा साहेबाने गाण्याबाहेर उत्तर दिले असेच म्हणावे लागेल. ‘तांबडी चामडी’त असा प्रतिपक्षच नाही. तिचा उत्साह निर्विवाद आहे, नादयोजना चतुर आहे, आणि ती नाचण्यासाठीच्या हाउस संगीतावर बांधलेली असल्याने तिच्याकडून वेगळी अपेक्षा करणे कदाचित अन्यायाचेही ठरेल. तथापि तिसऱ्यांदा ऐकताना शब्द निव्वळ तालवाद्य होतात आणि हसू येत नाही.

वेल्समधील न्यूपोर्टच्या गोल्डी लुकिन चेन या गटाची तुलना येथे उपयोगी पडते. घरगुती ध्वनिमुद्रणांपासून सुरुवात करून आपल्याच गावाच्या उच्चारांची आणि ऐटीची थट्टा करणारा हा गट २००४ मध्ये ब्रिटिश विक्रीयादीत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचला. त्या गीतात बंदुकीच्या हिंसेचा दोष रॅपकारांच्या माथी मारणाऱ्यांची टर उडविली आहे. ती टर उडविण्यासाठी गायक तो आरोप स्वतःच कबूल करतात. धारावीतला मुलगा नाकारतो, न्यूपोर्टचा कबूल करतो. आरोप करणारा मात्र दोन्हीकडे गाण्यात हजर आहे.