डनिंग-क्रुगरचा पेपर आपल्याला गप्प बसायला सांगतो का?

"माझं लिटरेचर रिव्ह्यूच अजून अर्धं आहे, मी कुठे दुसऱ्यांना समजावत बसू? लोक म्हणतील, हा बघा डनिंग-क्रुगर इफेक्ट!" पेटची तयारी करणाऱ्यांकडून हे हमखास ऐकायला मिळतं. ज्या पेपरच्या धाकाने आपण लिहीत नाही, तो पेपर आपण वाचलेला असतो का? चला, आज तोच वाचू आणि थोडा तपासूनही बघू.

जस्टिन क्रुगर आणि डेव्हिड डनिंग यांचा हा पेपर 1999 चा. कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विनोदाची जाण, तर्क आणि इंग्रजी व्याकरण यांच्या चाचण्या दिल्या आणि "इतरांच्या तुलनेत तुम्ही कुठे आहात?" असं विचारलं. तळाच्या चौथाईतले विद्यार्थी प्रत्यक्षात सरासरी 12 व्या पर्सेंटाइलवर होते. त्यांना वाटत होतं, आपण 62 व्या पर्सेंटाइलवर आहोत.

इथपर्यंतचं सगळ्यांना माहीत असतं. पण सगळीकडे फिरणारा तो आलेख, म्हणजे आधी अज्ञानाचा उंच डोंगर आणि मग निराशेची दरी, या पेपरमध्ये नाहीच! मूळ आलेखांत स्वतःबद्दलच्या अंदाजाची रेघ बऱ्यापैकी सपाट आहे.

पुढचे दोन निष्कर्ष मात्र फारसे कुणी सांगत नाही. तिसऱ्या अभ्यासात वरच्या चौथाईतल्यांनी स्वतःला कमी लेखलं होतं. इतरांच्या पाच उत्तरपत्रिका तपासायला दिल्यावर त्यांचा अंदाज सुधारला. तळाच्या गटाचा तेवढ्याने सुधारला नाही. चौथ्या अभ्यासात तर्काचं छोटंसं प्रशिक्षण दिल्यावर मात्र तळाच्या विद्यार्थ्यांनाही आपल्याच आधीच्या उत्तरांतल्या चुका दिसायला लागल्या. म्हणजे अज्ञान ही कायमची जात नव्हे. शिकलं की दिसतं.

आता पेपरच्या मर्यादा बघू. एक, तळाला असलेल्याचा अंदाज चुकला तर तो बहुतेक वरच्याच बाजूला चुकणार, कारण खाली जागाच नाही. वरच्याचं उलट. 2002 मध्ये क्रुगर (हे वेगळे, योआखिम) आणि म्युलर यांनी हाच आक्षेप घेतला: यातला मोठा भाग सरासरीकडे झुकण्याच्या सांख्यिकी परिणामाने समजावता येतो. दोन, नमुना एकाच विद्यापीठाचा. तीन, आणि माझ्या मते आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं: या अभ्यासांत कुणी कुणाला काही समजावून सांगतच नव्हतं. वाचक नाही, शंका विचारणारा नाही, "हे कुठून आणलंस?" असं म्हणणारा नाही. अशा अभ्यासातून "अर्धवट माहिती असताना बोलू नका" हा निष्कर्ष कसा काढायचा?

मग शंका येणं चुकीचं का? अजिबात नाही. पेपरचा गाभा अजूनही विचार करण्यासारखा आहे: बरोबर उत्तर द्यायला जे कौशल्य लागतं, बऱ्याचदा तेच चूक ओळखायलाही लागतं. म्हणून एकट्याने खोलीत बसून "मी तयार झालो का?" हे ठरवता येत नाही. औषधोपचार किंवा कायद्यासारख्या विषयात तर तुमच्या चुकीची किंमत दुसरा मोजतो. तिथे पेपरात काय आहे ते जरूर सांगा, सल्ला देऊ नका.

पण तज्ज्ञ नसलेल्या माणसाला एक गोष्ट प्रामाणिकपणे करता येते: आपण कुठे उभे आहोत ते सांगून लिहिणं. लेखकांनी काय केलं, त्यांना काय सापडलं आणि यावर मला काय वाटतं, हे तीन भाग वेगळे ठेवा. पूर्ण पेपर वाचलाय की नुसता सारांश, तेही लिहा. वाचकाला मग तुमच्यावर किती विसंबायचं ते कळतं.

या आठवड्यात एक पेपर घ्या आणि असं एक पान लिहा. ते आधी तुमच्या विषयातल्या एखाद्या सीनियरला दाखवा आणि एवढंच विचारा, "यात कुठलं वाक्य पेपर म्हणतो त्याच्या पुढे जातंय?" ते वाक्य दुरुस्त करा आणि मग पान बाकीच्यांना वाचायला द्या.