पुतळीवरचा संत

लक्ष्मीपूजनाच्या ताटात आमच्या घरी दरवर्षी पुतळ्यांची माळ ठेवतात. गेल्या दिवाळीत तिला हळदकुंकू वाहताना मला हसू आले. थोड्याच दिवसांपूर्वी एका पुस्तकात व्हेनिसच्या जुन्या नाण्याचे चित्र पाहिले होते, आणि आपण पूजतो ती लक्ष्मी नसून त्या शहराचे पालक संत मार्क आहेत, हे ध्यानात आले होते!

व्हेनिसने १२८४ साली सोन्याचे डुकाट पाडायला सुरुवात केली. वजन साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शुद्ध. एका बाजूस संत मार्क गुडघे टेकलेल्या राज्यप्रमुखाच्या हाती निशाण देत आहेत. दुसऱ्या बाजूस लंबगोलात ताऱ्यांमध्ये येशू ख्रिस्त. मिऱ्यांच्या मोबदल्यात हे नाणे तांबड्या समुद्रातून आपल्या किनाऱ्यावर आले. आपल्या जिल्ह्यातले दाभोळ त्या काळी एडनशी व्यापार करणारे बंदर होते. आपल्या लोकांनी नाण्याला 'पुतळी' म्हटले, सोनारांनी त्याच्या नकला केल्या. १७९७ साली व्हेनिसचे गणराज्य बुडाले. पुतळी गळ्यात राहिली.

आमच्या पुतळ्या अशाच नकला. कला म्हणून पाहिले तर दोष पुष्कळ. लॅटिन अक्षरांच्या नुसत्या रेघा झाल्या आहेत. गुडघे टेकलेला राज्यप्रमुख संताच्या बरोबरीने उभा राहिला आहे. सासूबाई त्या जोडीला राम-सीता म्हणत.

गोव्यातल्या ख्रिस्ती बाईच्या गळ्यातल्या संत फ्रान्सिस झेवियरच्या पदकाला अशी चूक परवडत नाही. ३ डिसेंबरच्या फेस्ताला ते घालून ती जुन्या गोव्याला जाते, तेव्हा आपला संत ओळखू येणे हाच त्या पदकाचा प्राण. धातू पितळेचा असला तरी चालतो; पाद्रीबाबांचा आशीर्वाद मिळाला की झाले. पुतळीचे नेमके उलट. तिथे सोने खरे लागते, संत कोण हे कोणी विचारीत नाही. पदकात श्रद्धा आधी आणि दागिना मागाहून. पुतळीत दागिना आधी आला, श्रद्धा मागाहून. पण आली, हे महत्त्वाचे.

मार्गशीर्षात लेकीचे लग्न आहे. सोनार म्हणाला, "बाई, या झिजलेल्या पुतळ्या मोडा. लक्ष्मीछापाच्या हलक्या करून देतो, उरल्या सोन्यात पाटल्या होतील." नव्या पुतळ्या मी पाहिल्या. रेखीव, एकीसारखी दुसरी. दोष काढायला जागा नाही, आणि दुसऱ्यांदा पाहावे असेही काही नाही. आमच्या झिजलेल्या पुतळीत मात्र एका सोनाराचा हात दिसतो. त्याला समोरची अक्षरे वाचता येत नव्हती, देव ओळखीचा नव्हता, तरी त्याने तो जपून उतरवला. आमच्या घरानेही नाव न विचारता त्याला ताटात जागा दिली.

माळ मी मोडली नाही. पाटल्यांवाचून लग्न होईल. लेकीला एवढेच सांगितले, "सासरी कोणी विचारले तर राम-सीता म्हण, नाहीतर संत मार्क म्हण, दोन्ही खरे."